या, बाई!

तोक्योतली ती माझी पहिलीच दिवाळी. पणती नाही, आकाशकंदील नाही. करमेना, तेव्हा घरून आणलेल्या भाजणीच्या चकल्या तळल्या नि घरमालकीण आजींकडे नेऊन दिल्या. त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या नातवाने एक तोंडात टाकली आणि तो ओरडला, "याबाई!"

क्षणभर वाटले, हळदीकुंकवाला कुणी "या, बाई!" म्हणून बोलावते आहे. घरी येऊन कोश उघडला. अर्थ निघाला 'धोक्याचे'! मन खट्टू झाले. उरलेली भाजणी डब्यात बंद करून मी डबा फळीवर सारला.

दुसऱ्या दिवशी आजी ताट परत द्यायला आल्या. ताट रिकामे द्यायचे नाही, ही रीत तिकडेही आहे. त्यात संत्री होती. म्हणाल्या, "सगळ्या चकल्या त्यानेच फस्त केल्या. हल्लीची मुले फार आवडले की असेच म्हणतात!"

तेव्हापासून या शब्दांच्या कुळाचा शोध घेण्याचा मला छंदच लागला. 'याबाई'चे मूळ रूप जिप्पेन्शा इक्कूच्या १८०२ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या विनोदी प्रवासकथेत सापडते. पुढे तो चोराचिलटांच्या बोलीत रुळला, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस तरुणांनी त्याची शाबासकी केली. २०१४ च्या सरकारी पाहणीत सोळा ते एकोणीस वर्षांच्या दर दहांतील नऊ मुलांनी आपण तो स्तुतीसाठी वापरतो, असे सांगितले.

त्याची भावंडेही तशीच. आज ऊठसूट कानी पडणारा 'सुगोई', म्हणजे आपले 'कमाल आहे', अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबूच्या 'गेंजी'त अंगावर काटा आणणाऱ्या उदासपणासाठी येतो. 'सुबाराशी' म्हणजे 'अप्रतिम'. पण एदो काळात (१६०३–१८६८) तो पुष्कळदा निंदेसाठीच वापरीत.

असे का व्हावे? मला वाटते, भीती काय नि कौतुक काय, दोहोंत माणूस प्रथम थक्कच होतो. शब्द त्या थक्क होण्याला चिकटून राहतो. भीती मात्र वापराने झिजून जाते. आपण नाही का म्हणत, "लाडू भयंकर आवडले"?

फळीवरचा डबा मी त्याच संध्याकाळी पुन्हा खाली काढला. वाचकहो, यंदा कुणी पाहुण्याने तुमच्या फराळाला चमत्कारिक शब्दात दाद दिली, तर कोशाकडे धावू नका. आधी त्याच्या ताटाकडे पाहा.