अतिसंवाहकतेतील 'द्वार'

भौतिकीच्या परिभाषेत 'द्वार' ही संज्ञा सोयीची असली, तरी तिचा अर्थ जपूनच घ्यावा लागतो. औशाच्या भुईकोट किल्ल्याच्या द्वारातून माणसे ये-जा करीत. द्विमितीय वाहकथरावर बसविलेल्या द्वारातून मात्र इलेक्ट्रॉन जात नाहीत. त्या धातुपट्टीवरील विद्युत् दाब खालच्या थरातील इलेक्ट्रॉनांना दूर सारतो आणि शेजारची वाट अरुंद वा रुंद करतो. हा भेद ध्यानी घेतल्याखेरीज या विषयाचा इतिहास उमगत नाही.

या इतिहासाचे प्रवाह दोन. पहिला अतिसंवाहकतेचा. १९११ साली लायडन येथे कामर्लिंग ओनेस यांना सुमारे ४.२ केल्विन तपमानास पाऱ्याचा रोध नाहीसा झालेला आढळला. १९६२ साली जोसेफसन यांनी दोन अतिसंवाहकांमधील दुर्बल दुव्यातूनही दाबाविना प्रवाह वाहील, असे भाकीत केले. दुसरा प्रवाह अर्धसंवाहकांचा. १९८८ साली नेदरलंड्स व केंब्रिज येथील दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखविले की, द्वाराच्या योगे वाट रुंदावत नेली असता तिचे संवाहकत्व समान पायऱ्यांनी वाढते. प्रत्येक पायरी म्हणजे इलेक्ट्रॉन-तरंगास खुला झालेला एक मार्ग. त्या एका मार्गाचा रोध सुमारे १२,९०६ ओहम.

१९९१ साली बेनाकर व व्हान हाउटेन यांनी हे प्रवाह एकत्र आणले. अतिसंवाहकांमधील वाट पुरेशी आखूड असल्यास महत्तम अतिप्रवाहही पायऱ्यांनी वाढेल, आणि पायरीची उंची केवळ अतिसंवाहकाच्या ऊर्जा-अंतरावर अवलंबून राहील, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९९५ साली जपानमध्ये ताकायानागी आदींना अशा पायऱ्या दिसल्या. परंतु तेथे वाट अर्धसंवाहकाची व कडा अतिसंवाहकाच्या होत्या. वाट आणि कडा एकाच द्विमितीय थरात द्वारांनी घडविण्याचे प्रयोग स्ट्राँशियम टायटनेटवर व पीळ दिलेल्या ग्राफीनवर २०२१ साली प्रसिद्ध झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या कार्यात दुवा द्वाराने नव्हे, तर अतिसंवाहकाचे दोन पापुद्रे कोनात रचून साधला. त्यातून ७७ केल्विनलाही एका दिशेने अतिप्रवाह अधिक वाहू शकला.

जाड तारेत असंख्य मार्ग एकदम खुले असतात. त्यामुळे एकेका मार्गाचा वाटा कळत नाही. तो वेगळा करून मोजण्याची सोय द्वाराने करून दिली. संज्ञा रूढच राहील. ती वाचताना विद्यार्थ्याने उंबरठ्याऐवजी वाटेच्या काठाकडे पाहावे.