मद्रास परिषद आणि बडोद्याचा वाटा

ग्रंथालयाचा इतिहास लिहिताना इमारत, देणगीदार आणि ग्रंथसंख्या यांची नोंद आवर्जून होते. परंतु गावोगावची ग्रंथालये एका सूत्रात ओवली जावीत म्हणून जी माणसे परगावी गेली, परिषदांना बसली आणि तेथे पुढे आलेली जबाबदारी अंगावर घेऊन परतली, त्यांचे स्मरण क्वचितच होते. शताब्दीच्या या मंगल प्रसंगी आपल्या बडोद्याशी निगडित अशा एका घटनेची आठवण करून देणे अप्रस्तुत ठरू नये.

१४ नोव्हेंबर १९१९ रोजी मद्रास येथे पहिली अखिल भारतीय सार्वजनिक ग्रंथालय परिषद भरली. तिचे अध्यक्ष होते बडोदे संस्थानच्या ग्रंथालय खात्याचे क्युरेटर जे. एस. कुडाळकर.

हा मान बडोद्याकडे सहज चालून आला नव्हता. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळेत मिळालेली अक्षरओळख पुढे टिकावी कशी, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर म्हणजे ग्रंथालये. त्यासाठी १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना पाचारण केले. बॉर्डन यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसविली आणि १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू केला. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे त्रैमासिक निघू लागले. त्यात इंग्रजी व गुजरातीच्या जोडीने मराठी मजकूरही असे, ही गोष्ट आपण अभिमानाने ध्यानात ठेवावी अशी आहे.

तथापि या योजनेचे मर्म पैशाच्या वाटणीत होते. गावकऱ्यांनी वर्गणीने जेवढी रक्कम जमवावी, तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावी, असा नियम होता. पहिला वाटा गावाचा. तो जमविण्यासाठी दारोदार जाणारी चार माणसे गावात नसतील, तर दरबारची थैली उघडी असूनही ग्रंथालय उभे राहत नसे. राजाश्रयाची म्हणून ओळखली जाणारी ही चळवळ अशा रीतीने स्थानिक समितीच्या खांद्यावर उभी होती.

मद्रास परिषदेमागे आंध्रातील कार्यकर्ते होते. १९१४ मध्ये बेझवाड्यास आंध्रदेश ग्रंथालय संघ स्थापन झाला होता, आणि अय्यंकी वेंकटरमणय्या हे त्याचे प्रमुख सूत्रधार. त्यांच्यामागे ना राजा होता, ना खाते. लोकवर्गणी आणि स्वयंसेवक हेच त्यांचे भांडवल. त्याआधी १९१८ मध्ये लाहोर येथे ग्रंथपालांची अखिल भारतीय परिषद झाली होती, पण ती सरकारने बोलाविलेली होती. मद्रासची परिषद लोकांनी बोलाविली, आणि अध्यक्षपदी मात्र एका संस्थानचा अधिकारी बसविला. वरवर विसंगत वाटणारी ही निवड वस्तुतः समर्पक होती. लोकांचा उत्साह आणि खात्याची शिस्त यांची सांगड कशी घालावी, याचा अनुभव त्या काळी बडोद्याइतका अन्यत्र क्वचितच आढळला असता. या परिषदेतूनच अखिल भारतीय सार्वजनिक ग्रंथालय संघाचा उदय झाला.

पुढे १९२३ मध्ये काकीनाडा येथील परिषदेचे अध्यक्षपद मुकुंदराव जयकरांनी, तर १९२४ मध्ये बेळगावच्या परिषदेचे देशबंधू चित्तरंजन दास यांनी भूषविले. दोन्ही ठिकाणी त्याच सुमारास काँग्रेसची अधिवेशने भरली होती. थोर पुढाऱ्यांच्या नावामुळे ग्रंथालयांचा प्रश्न देशापुढे आला, हे निर्विवाद. पण वर्गीकरण, तालिका, प्रशिक्षण यांचा रोजचा संसार पाहणाऱ्या ग्रंथपालांना स्वतःचे व्यासपीठ मिळाले ते १९३३ मध्ये, कलकत्त्यास भारतीय ग्रंथालय संघ स्थापन झाला तेव्हा. या पार्श्वभूमीवर मद्रासचे वेगळेपण नजरेत भरते. तेथील अध्यक्ष स्वतः ग्रंथालये चालविणारा माणूस होता.

बडोदे संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० नंतर आपण गुजरातेत आलो. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा; त्याची सावली आपल्यापर्यंत पोहोचण्याचे कारण नव्हते. गुजरातचा कायदा २००१ मध्ये झाला. मधल्या दीर्घ काळात आपल्यासारख्या मराठी संस्थांना प्रामुख्याने आधार होता तो सभासदांचा, म्हणजे त्या जुन्या नियमातील पहिल्या वाट्याचा.

आज वर्गणी जमते, देणगीदारही भेटतात. परंतु वार्षिक सभेत कार्यकारिणीसाठी नावे सुचविण्याची वेळ आली, की सभागृहातील बहुतेक नजरा खाली वळतात. ग्रंथालय संघाच्या अधिवेशनास कोणी जावे, हा प्रश्न तर प्रतिवर्षी पुढील बैठकीवर ढकलला जातो. प्रस्तुत लेखकही अनेक वर्षे अध्यापनाच्या व्यापाची सबब सांगून याच मंडळींत बसत आला आहे. म्हणून हा दोष इतरांना देण्याचा अधिकार त्याला नाही. मात्र मद्रासचा वृत्तान्त वाचल्यावर ती सबब त्याला स्वतःलाच पटेनाशी झाली आहे. येत्या सभेत नावे मागविली जातील, तेव्हा आपण सर्वांनी मान वर ठेवावी, एवढीच विनंती.