ओल्ड फॅशन्ड (कॉकटेल)

ओल्ड फॅशन्ड हे व्हिस्की, साखर, बिटर्स आणि थोडे पाणी यांपासून तयार होणारे अमेरिकन कॉकटेल आहे. ते बुटक्या, जाड बुडाच्या पेल्यात बर्फासह दिले जाते. या पेल्यालाही पुढे 'ओल्ड फॅशन्ड ग्लास' हेच नाव पडले. इंटरनॅशनल बारटेंडर्स असोसिएशनच्या अधिकृत यादीत या पेयाचा समावेश आहे.

इतिहास

न्यू यॉर्क राज्यातील हडसन येथून निघणाऱ्या 'द बॅलन्स अँड कोलंबियन रिपॉझिटरी' या वृत्तपत्राने १३ मे १८०६ रोजी एका वाचकाच्या प्रश्नाला उत्तर देताना 'कॉकटेल' या शब्दाचा अर्थ सांगितला. कोणतेही कडक मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स यांचे मिश्रण, असा तो अर्थ होता. ओल्ड फॅशन्डची घडण आजही जवळजवळ हीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॉकटेलमध्ये कुरासाव, मॅरास्किनो, ॲबसिंथ अशी मद्ये मिसळण्याची पद्धत रूढ झाली. ती न रुचणारे ग्राहक 'जुन्या पद्धतीचे' कॉकटेल मागू लागले आणि मागणीतले हे विशेषणच पेयाचे नाव बनले.

केंटकीतील लुईव्हिल शहरातल्या पेंडेनिस क्लबमध्ये या पेयाचा जन्म झाला आणि मद्यउत्पादक जेम्स पेपर यांनी ते न्यू यॉर्कला नेले, अशी कथा प्रसिद्ध आहे. मात्र हा क्लब १८८१ साली स्थापन झाला, तर 'शिकागो डेली ट्रिब्यून'मध्ये १८८० सालीच 'ओल्ड फॅशन्ड कॉकटेल'चा उल्लेख आढळतो. त्यामुळे ही कथा ग्राह्य धरता येत नाही. लुईव्हिलने २०१५ साली ओल्ड फॅशन्डला शहराचे अधिकृत कॉकटेल घोषित केले, ही गोष्ट वेगळी.

घटक

मूळ मद्य म्हणून बर्बन किंवा राय व्हिस्की वापरतात. अमेरिकी नियमांनुसार बर्बनच्या धान्यमिश्रणात किमान ५१ टक्के मका असतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपांत मुरवली जाते. अमेरिकी राय व्हिस्कीत किमान ५१ टक्के राय हे धान्य असते. तिची चव बर्बनपेक्षा तिखटसर व कमी गोड लागते. बिटर्स म्हणजे साली, मुळे व मसाले मद्यात मुरवून काढलेला कडू अर्क. या पेयासाठी बहुधा अँगोस्तुरा बिटर्स घेतात. जर्मन वैद्य योहान सीगर्ट यांनी व्हेनेझुएलातील अँगोस्तुरा गावी १८२४ साली ते औषध म्हणून तयार केले होते. आता त्याचे उत्पादन त्रिनिदादमध्ये होते.

कृती

पेल्यात साखरेचा एक चौकोनी तुकडा ठेवून त्यावर बिटर्सचे दोन-तीन शिडकावे आणि चमचाभर पाणी घालतात व तो चेचून विरघळवतात. घरी पेय बिघडते ते बहुधा याच टप्प्यावर. साखर पाण्यात सहज विरघळते, मद्यात फार कमी. व्हिस्की आधी ओतल्यास साखर तळाशी बसते आणि पहिला घोट कडू, तर शेवटचा अतिगोड लागतो. म्हणून अनेक जण समभाग साखर-पाण्याचा पाक वापरतात. त्यानंतर ४५ मिली व्हिस्की आणि बर्फ घालून मिश्रण ढवळतात. हलवणीत घालून घुसळत नाहीत. बर्फाचा एकच मोठा खडा श्रेयस्कर, कारण त्याचा पृष्ठभाग तुलनेने कमी असल्याने तो सावकाश वितळतो व पेय लवकर पातळ होत नाही. शेवटी संत्र्याच्या सालीची पट्टी पेल्यावर पिळतात. उद्देश रसाचा नसून सालीतील सुगंधी तेलाचा असतो. आतला पांढरा भाग कडवट असल्याने तो शक्य तितका काढून टाकतात.

प्रकार

विसाव्या शतकाच्या मध्यास संत्र्याची फोड व चेरी पेल्यातच चेचण्याची पद्धत अमेरिकेत सर्रास होती. तिने पेय गढूळ होते आणि व्हिस्कीची चव झाकली जाते, म्हणून आज अनेक बारटेंडर ती टाळतात. विस्कॉन्सिन राज्यात मात्र ती टिकून आहे. तेथे व्हिस्कीऐवजी ब्रँडी घेतात व वरून गोड किंवा आंबट सोडा ओततात; त्या राज्यात नुसते 'ओल्ड फॅशन्ड' मागितले तर बहुधा ब्रँडीचेच मिळते.