बुडालेल्यांचा शोध : पारा भरलेल्या पावापासून संभाव्यतेच्या गणितापर्यंत

इ.स. 1767 मध्ये इंग्लंडमधील न्यूबरी येथे केनेट नदीत बुडालेल्या बालकाच्या शोधासाठी पारा भरलेला पाव प्रवाहात सोडण्यात आला. पाव जेथे थांबला तेथेच मृतदेह मिळाल्याचे वृत्त ‘जंटलमन्स मॅगझिन’ने छापले. पाण्यावर तोफ डागल्यास प्रेत वर येते, अशीही समजूत होती. मार्क ट्वेनच्या ‘हकलबेरी फिन’मध्ये हे दोन्ही प्रकार आढळतात. या प्रथांची केवळ अंधश्रद्धा म्हणून बोळवण करणे योग्य नव्हे. तरंगती वस्तू सोडून प्रवाह पाहणे हा एक प्रकारे प्रयोगच होता. चूक होती ती गृहीतकात. पाव पृष्ठभागावरून वाहतो. शरीर मात्र बहुधा तळाशी जाते आणि तेथे प्रवाह मंद असतो. कुजण्याच्या क्रियेत वायू साठल्यानंतरच ते वर येते. पाणी थंड व खोल असल्यास यास आठवडे लागतात. क्वचित ते वर येतही नाही. साहजिकच कोठे शोधावे याइतकाच केव्हा शोधावे हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

शोधकार्याला गणिताची बैठक मिळाली ती दुसऱ्या महायुद्धात. शत्रूच्या पाणबुड्यांचा माग काढण्याच्या निमित्ताने अमेरिकन नौदलासाठी बर्नार्ड कूपमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले विवेचन 1946 मध्ये ग्रंथबद्ध झाले. 1968 मध्ये बुडालेल्या ‘स्कॉर्पियन’ पाणबुडीच्या शोधात संभाव्यतेचे गणित प्रत्यक्ष वापरले गेले. क्षेत्राचे चौकोन पाडून प्रत्येकाची संभाव्यता ठरवायची. एखादा चौकोन धुंडाळून काही न मिळाल्यास त्याची संभाव्यता घटते, इतरांची वाढते. अर्थात, रिकाम्या हाताने परतणे हीदेखील माहितीच असते. पोलीस तपासाच्या दृष्टीने हा विचार मोलाचा आहे. कारण त्यासाठी महागडे सोनार यंत्र नव्हे, तर कोठे, केव्हा व किती बारकाईने शोधले याची काटेकोर नोंद लागते.

महाराष्ट्रात या प्रश्नाची तीव्रता 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री जाणवली. महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एस.टी. बसगाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. शोधासाठी सुमारे 300 किलो वजनाचे लोहचुंबकही पाण्यात सोडण्यात आले. चुंबकाला लोखंड सापडू शकते, माणसे नाहीत. पुराच्या खळाळात शरीर तळाशी स्थिरावत नाही, त्यामुळे येथे केनेटचा मंद प्रवाह गृहीत धरून चालणार नव्हते. काही मृतदेह हरिहरेश्वर, आंजर्ले अशा दूरच्या सागरकिनारी मिळाले. नौदलाच्या पाणबुड्यांना एका बसचे अवशेष 11 ऑगस्टला सापडले, ते मात्र पुलापासून फार दूर नव्हते.