विमादाव्यांची दप्तरे आणि रोगांचा इतिहास : तळेगाव (श्यामजी पंत) परिसराच्या संदर्भात

आरोग्यविम्याच्या दाव्यांवरून रोगांचा अभ्यास करता येतो, हे तैवानच्या अनुभवाने सिद्ध झाले आहे. तेथे १९९५ साली राष्ट्रीय आरोग्यविमा सुरू झाला आणि जवळजवळ सर्व लोकसंख्या एकाच योजनेखाली आली. त्यामुळे रुग्ण किती याबरोबरच ते किती लोकांपैकी, हेही दप्तरावरून सांगता येऊ लागले. महाराष्ट्रातील दप्तरांची घडण निराळी आहे. ती कशी, हे वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील तळेगाव (श्यामजी पंत) या गावाच्या स्थानावरून स्पष्ट होते.

तळेगाव नागपूर-अमरावती महामार्गावर वसले असून त्याच्या पश्चिमेस वर्धा नदीपलीकडे अमरावती जिल्हा लागतो. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत अमरावतीचा समावेश होता, वर्ध्याचा नव्हता. वर्धा जिल्ह्यास ती २१ नोव्हेंबर २०१३ रोजी लागू झाली. या सुमारे सोळा महिन्यांच्या दप्तरात हृदयरोग व मूत्रपिंडविकार नदीच्या एकाच तीरावर आढळतील. पुढे ते एकाएकी दुसऱ्या तीरावर उद्भवल्यासारखे दिसतील. हा क्रम रोगप्रसाराचा मानल्यास शासननिर्णयाच्या तारखेलाच साथीची तारीख समजण्याचा प्रमाद घडेल.

योजनेच्या अटींचाही विचार केला पाहिजे. आरंभी पिवळी व केशरी शिधापत्रिका असलेली कुटुंबे पात्र होती आणि ९७१ उपचारांपुरताच दावा करता येत असे. सूचीत नसलेला आजार किंवा गावातच झालेला मृत्यू यांची नोंद दाव्यात होण्याचे कारण नव्हते. २०१७ साली योजनेस महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, २०२० साली ती आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली, आणि २०२३ साली सर्व कुटुंबांना पात्र ठरविण्याचा निर्णय झाला. यांपैकी प्रत्येक बदलाने दाव्यांची संख्या पालटू शकते; त्यासाठी रोगमान बदलण्याची आवश्यकता नसते. शिवाय रुग्णालय नागपूर, अमरावती वा सेवाग्राम येथील असले, तरी रुग्णाचे गाव निराळे असते. आणि 'तळेगाव' एवढीच नोंद असेल, तर याच जिल्ह्यातील तळेगाव (तळातुले) तिच्याशी मिसळण्याचा संभव राहतो.

याच जिल्ह्यात एक जुना प्रयोग तुलनेस उपलब्ध आहे. १९८० च्या सुमारास सेवाग्राम येथे डॉ. उल्हास जाजू यांनी ग्रामीण आरोग्यविमा उभा केला. सुगीच्या वेळी कुटुंबे ऐपतीप्रमाणे ज्वारी देत, आणि गावातील बहुसंख्य कुटुंबांनी सामील व्हावे अशी अट असे. व्याप लहान होता. परंतु सभासद कोण, हे गावालाच ठाऊक असल्याने आजारी न पडलेल्यांचीही गणना शक्य होती. राज्यव्यापी दप्तरात नेमकी ही बाजू दुबळी असते.

म्हणून दाव्यांना अन्य पुराव्याची जोड हवी. कर्नाटकातील वाजपेयी आरोग्यश्री योजनेच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात योजनेच्या सीमेच्या दोन्ही बाजूंची गावे तुलनेसाठी घेतली होती. मृत्यूंची माहिती मात्र घरोघर जाऊन मिळविली होती. वर्धा नदीच्या दोन्ही तीरांवरील गावांचाही असाच अभ्यास करता येईल. दावा हा मुळात पैसे अदा झाल्याचा वा मागितल्याचा पुरावा आहे. ज्याचा दावा नाही तो निरोगी होता असे धरले, तर योजनेबाहेर राहिलेल्या गरिबाचे दुखणे इतिहासातूनही वगळले जाईल.