गुंतागुंतीच्या आंत्रपुच्छदाहातील रक्तनिर्देशक

आंत्रपुच्छाचा (अपेंडिक्सचा) दाह कोथ, छिद्र किंवा पूयसंचय या अवस्थेपर्यंत पोहोचला आहे काय, याचा अंदाज घेण्यासाठी रक्तातील जे घटक मोजले जातात, त्यांना रक्तनिर्देशक म्हणतात. साध्या दाहावर निवडक रुग्णांत प्रतिजैविकांनी उपचार करता येतात. मात्र छिद्र पडल्यास पू उदरपोकळीत पसरून पर्युदरदाह होतो व तो प्राणघातक ठरू शकतो. म्हणून हा भेद वेळीच ओळखणे महत्त्वाचे असते.

प्रमुख निर्देशक

श्वेतपेशी : प्रौढांत सामान्य संख्या प्रति मायक्रोलिटर सुमारे ४,००० ते ११,००० असते. दाहात ती, विशेषतः न्यूट्रोफिल पेशींचे प्रमाण, वाढते. न्यूट्रोफिल व लिम्फोसाइट यांचे गुणोत्तर नेहमीच्या रक्तगणनेतूनच काढता येते.

सी-रिॲक्टिव्ह प्रथिन : हे यकृतात तयार होते. दाह सुरू झाल्यावर काही तासांनी ते वाढू लागते. त्यामुळे पहिल्या काही तासांत ते सामान्य आढळू शकते. फार वाढलेली पातळी गुंतागुंत सुचवते.

बिलिरुबिन : आतड्यातील जिवाणूंची विषद्रव्ये प्रतिहारी शिरेतून यकृतात पोहोचल्याने पित्तोत्सर्जन मंदावते. म्हणून वाढलेले बिलिरुबिन छिद्राची शंका वाढवते.

सोडियम व प्रोकॅल्सिटोनिन : रक्तातील सोडियम घटणे आणि प्रोकॅल्सिटोनिन वाढणे यांचा संबंध गंभीर अवस्थेशी आढळला आहे.

गुणांकन

१९८६ मध्ये अल्फ्रेडो अल्व्हाराडो यांनी मांडलेल्या दहा गुणांच्या पद्धतीत तीन गुण रक्ततपासणीचे असून उरलेले सात लक्षणे व शारीरिक तपासणीचे आहेत. तिच्यात सी-रिॲक्टिव्ह प्रथिनाचा समावेश नाही.

मर्यादा

कोणताही एक निर्देशक स्वतंत्रपणे निदान सिद्ध करत नाही किंवा नाकारत नाही. गर्भारपणात श्वेतपेशी स्वाभाविकपणेच वाढतात. कोकणात पावसाळ्यात आढळणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसमध्येही पोटदुखी, वाढलेले बिलिरुबिन व सी-रिॲक्टिव्ह प्रथिन दिसू शकते. म्हणून सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनची जोड आवश्यक ठरते.

ग्रामीण भागातील उपयोग

रायगड जिल्ह्यातील कोलाडसारख्या गावांतील रुग्णाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात हलवावे लागते. जिल्ह्याचे शासकीय रुग्णालय अलिबाग येथे आहे. अशा वेळी कमी खर्चाच्या रक्तचाचण्या रुग्णाला किती तातडीने पाठवावे, हे ठरविण्यास साहाय्य करतात. तथापि पोट लाकडासारखे कडक होणे, तीव्र ताप किंवा वाढती वेदना असल्यास अहवालाची वाट न पाहता रुग्णास हलविणे आवश्यक असते.