जेवणाची सुट्टी

परवा रात्री ऑफिसमधून घरी आलो आणि नेहमीप्रमाणे डबा ओट्यावर ठेवून सटकणार, तेवढ्यात आजीने तो उचलला. वजनावरूनच तिला कळलं. झाकण उघडून बघितलं. दोन भाकऱ्या, मेथीची भाजी, कोपऱ्यात ठेचा, सगळं सकाळी आईने भरलं होतं तसंच्या तसं. आठवड्यातला तिसरा दिवस.

"आरं, भाकरी काय पळून चालली व्हय? अर्धा तास गावत न्हाई तुला?"

मी म्हटलं, "आजी, मीटिंग होत्या गं लागोपाठ. जेवायला वेळच नाही मिळाला."

आजीने एक मिनिट माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुझ्या आज्याला मिळायचा."

बस्स. एवढं बोलून ती टीव्हीसमोर जाऊन बसली. पण ते वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना. त्यातून पंधरा दिवसांपूर्वीच पोटात नळी घालून तपासणी झालेली, अल्सर निघालेला. डॉक्टरांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, "जेवता किती वाजता?" मला उत्तरच देता आलं नव्हतं. कधी दोन, कधी चार, कधी डायरेक्ट संध्याकाळचा वडापाव. वय वर्षं अठ्ठावीस, बसायला एसी, खुर्ची पाठीला आधार देणारी, आणि गिरणीत उभं राहून काम करणाऱ्या आजोबांना मिळायचा तो अर्धा तास मला नाही! मग म्हटलं, हा अर्धा तास मुळात आला कुठून ते तरी बघू. गेले दोन शनिवार-रविवार तेच वाचत होतो. जे सापडलं ते लिहून ठेवतोय.

तर मंडळी, सुरुवात मुंबईच्या गिरण्यांपासून. १८५४ मधे कावसजी नानाभाई दावर यांनी कंपनी काढली आणि १८५६ मधे ताडदेवला गिरणी सुरू झाली. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा भागात चिमण्याच चिमण्या. रत्नागिरी, सातारा, पुणे जिल्ह्यातून माणसं यायची. काम किती तास? तर सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. कारण सोपं, दिवे नव्हते. मुंबईत वर्षातला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास आणि सगळ्यात छोटा अकरा. म्हणजे उन्हाळ्यात जास्त काम, थंडीत कमी. आपल्या अप्रेझलपेक्षा हे जास्त लॉजिकल म्हणायचं :)

रविवार वगैरे भानगड नव्हती. एखाद्या दिवशी गिरणी बंद असलीच तर यंत्रं पुसायला बोलवायचे. आणि जेवणाची सुट्टी नव्हती. म्हणजे माणसं जेवत नव्हती असं नाही. शेजारच्याला "जरा माझ्या साच्याकडे बघ" म्हणायचं, भाकरी घशाखाली ढकलायची आणि परत यायचं. इंजिन चालूच. मालकांना याबद्दल विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं: आमची माणसं हवी तेव्हा बाहेर जातात, पाणी पितात, विडी ओढतात, जेवतात. त्यांना वेगळी सुट्टी कशाला?

हे वाचलं आणि मी थांबलोच. अहो, यालाच तर आमच्याकडे 'फ्लेक्सिबल अवर्स' म्हणतात! तुम्ही कधीही जेवा, कोणी अडवत नाही. फक्त काम थांबत नाही. मग तुम्ही जेवत नाही.

१८८१ मधे पहिला फॅक्टरी कायदा आला. त्याच्यामागे निव्वळ दया होती असं समजू नका. मुंबईचं स्वस्त सूत आणि कापड लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना खुपायला लागलं होतं, त्यामुळे इथल्या कामगारांबद्दलचा त्यांचा कळवळा एकदम वाढला. तर कायदा काय म्हणत होता? सात वर्षांच्या आतल्या मुलांना कामावर घ्यायचं नाही. (म्हणजे आठव्या वर्षी चालेल!) सात ते बारा वयाच्या मुलांना जास्तीत जास्त नऊ तास काम, मधे विश्रांती, महिन्यात चार सुट्ट्या. मोठ्या माणसांसाठी काहीच नाही. पोराला जेवायला वेळ, बापाला नाही.

इथे गोष्टीत येतात नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८, ठाण्याचा. मूळ गाव खेड तालुक्यातलं कन्हेरसर. आधी रेल्वे आणि पोस्टात नोकरी, मग मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर. म्हणजे ते स्वतः साच्यावरचे कामगार नव्हते, आमच्यासारखेच नोकरदार, पण रोज डोळ्यांसमोर सगळं बघणारे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले. १८८० मधे त्यांनी नोकरी सोडली आणि 'दीनबंधु' हे पत्र चालवायला घेतलं. (हातातली पगाराची नोकरी सोडून! मी दर रविवारी रात्री राजीनाम्याचा विचार करतो आणि सोमवारी सकाळी लॉगिन करतो.)

१८८४ मधे मुंबई सरकारने गिरण्यांची चौकशी करायला कमिशन नेमलं. त्या सप्टेंबरात लोखंड्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार जणांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन म्हणतात ती इथूनच. तिला ना वर्गणी होती ना घटना, म्हणून आजच्या अर्थाने ती युनियन म्हणता येणार नाही असं अभ्यासक म्हणतात. असो. अर्जातल्या मागण्या पाच:

रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू, सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आणि कामावर जखमी झालेल्या माणसाला बरा होईपर्यंत पगार, कायमचा अधू झाला तर पोटापाण्याची सोय.

मी हे पाचही मुद्दे दोन-तीनदा वाचले. यात कुठे 'पगार वाढवा' नाही. आठ तास वगैरे पण नाही. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम करायला माणसं तयार आहेत. फक्त मधे जेवू द्या, आठवड्यातून एकदा झोपू द्या, कमावलेला पैसा वेळेत द्या, आणि हात तुटला तर वाऱ्यावर सोडू नका. तब्येत, काम, घर, जेवण. आजही आपल्या घराघरात याच चार गोष्टींवरून रोज वाद चालू असतात.

मागणी १८८४ ची. मिळालं कधी? सहा वर्षं काहीच झालं नाही. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सभा झाली. सुमारे दहा हजार कामगार जमले आणि दोन बायकांनीही भाषण केलं. १८९० मधे, भर सभेत! अखेर १० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघटनेने आठवड्याच्या सुट्टीची मागणी मान्य केली. त्याच वर्षी सरकारने आणखी एक कमिशन नेमलं, त्याच्या कामात मुंबईच्या कामगारांच्या बाजूने लोखंडे सहभागी होते. मग १८९१ चा कायदा आला आणि १ जानेवारी १८९२ पासून लागू झाला. त्यात आठवड्याची सुट्टी होती, आणि दुपारी बारा ते दोनच्या मधे अर्धा तास काम पूर्ण बंद ठेवायचं होतं.

आमच्या भाषेत सांगायचं तर रिक्वायरमेंट १८८४, प्रॉडक्शनला १८९२.

'काम पूर्ण बंद' हे शब्द मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. माणसाला जेवायची परवानगी देणं वेगळं आणि इंजिन बंद करणं वेगळं. इंजिन बंद झालं की कोणाला कोणाची विनवणी करावी लागत नाही, शेजाऱ्याच्या गळ्यात आपलं काम पडत नाही, आणि जेवणारा माणूस कामचुकार ठरत नाही. सगळेच थांबलेत म्हटल्यावर कोण कोणाला बोलणार?

अर्थात कायदा काही परिपूर्ण नव्हता. मोठ्या पुरुषांच्या कामाच्या तासांवर १८९१ मधेही मर्यादा आली नाही. गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताचा हिशोबच संपला. १९०५ च्या सुमाराला काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालत होत्या. कापड गिरण्यांत पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा १९११ च्या कायद्याने आली, आठवड्याला साठ तास १९२२ च्या कायद्याने, आणि अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा स्वातंत्र्याच्या अल्याडपल्याड, १९४६ मधे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात ती कायम राहिली. त्यात सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास सुट्टीही आली आणि अडीचशेच्या वर कामगार असतील तिथे कँटीनची तरतूदही.

म्हणजे बघा, चौसष्ट वर्षं लागली, १८८४ ते १९४८. आणि २०२५ च्या जानेवारीत एका मोठ्या कंपनीचे अध्यक्ष म्हणाले की आठवड्याला नव्वद तास काम करायला हवं, रविवारी पण. मी कॅल्क्युलेटर काढला. रविवारची सुट्टी धरली तर रोजचे पंधरा तास. विजेच्या दिव्यातली गिरणी, अगदी तंतोतंत.

लोखंडे १८९७ मधे गेले. १८९६ मधे मुंबईत प्लेग आला, ज्याला शक्य होतं तो शहर सोडून पळत होता. लोखंडे थांबले, रोग्यांची सेवा करत राहिले आणि ९ फेब्रुवारीला त्याच प्लेगने गेले. वय पन्नाशीच्या आत. पुढच्याच महिन्यात पुण्यात सावित्रीबाई फुले तशाच गेल्या. २००५ मधे पोस्टाने लोखंड्यांचं तिकीट काढलं. मला अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत त्यांचं नाव माहीत नव्हतं. त्यांनी मिळवलेला रविवार मात्र दर आठवड्याला वापरत होतो.

हे सगळं वाचून झाल्यावर मी आजीला विचारलं, आजोबांच्या वेळी कसं असायचं? आणि आजी जी सुरू झाली...

आजोबा पाटण तालुक्यातून आलेले. लालबागला चाळीत एक खोली. आजी लग्न होऊन आल्यावर तिने खानावळ सुरू केली. दुकान वगैरे नाही, त्याच खोलीत. गावाकडची सात माणसं, सगळी गिरणीत, बायका-पोरं गावी. महिन्याचे पैसे द्यायचे आणि दोन्ही वेळ जेवायचे. गिरणगावात अशा खानावळी चालवणाऱ्या बायका गल्लोगल्ली होत्या. त्यांच्यासाठीच १९७५ मधे प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आजी त्यात नव्हती. "बँकेत जायचं म्हंजी भ्या वाटायचं," म्हणाली.

पहाटे चारला उठून ती भाकऱ्या थापायची. पहिल्या पाळीवाल्यांचे डबे सुट्टीच्या आत गेटवर पोचायलाच हवेत. उशीर झाला की माणूस उपाशी, कारण अर्धा तास म्हणजे अर्धा तास. "पण भोंगा झाला की गडी जेवायचाच," आजी म्हणाली. "मुकादमाच्या बापाला अडवता येत न्हवतं."

मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखाच्या आसपास कामगार, दत्ता सामंत नेते. आजीच्या खानावळीतल्या सातांपैकी पाच जण दोन-तीन महिन्यांत गावी गेले. तोवर ती त्यांना उधारीवर जेवू घालत होती. पैसे बुडाले का विचारलं तर म्हणाली, "जेवणाचं पैसं बुडत न्हाईत. खाल्लं की त्यांनी." आजोबांची गिरणी परत उघडली नाही. त्यांना कापसाच्या धुरळ्याचा खोकला होताच, तो शेवटपर्यंत राहिला. मी दोन वर्षांचा असताना ते गेले, मला आठवत नाहीत.

म्हणजे त्या दिवसांना सोन्याचे दिवस म्हणायचा माझा अजिबात हेतू नाही. आजोबांच्या फुप्फुसाची किंमत माझ्या अल्सरपेक्षा कितीतरी जास्त होती. सांगायचा मुद्दा एवढाच की त्यांच्याकडे भोंगा होता. माझ्या लॅपटॉपला भोंगा नाही. माझं इंजिन कोणी बंद करत नाही आणि मी स्वतःही करत नाही. वर 'बिझी आहे' म्हणून मिरवतो.

गेल्या सोमवारी ऑफिसच्या कॅलेंडरमधे रोज एक ते दीड 'भोंगा' नावाने ब्लॉक केला. मंगळवारीच कोणीतरी त्यावर मीटिंग टाकली. मी गेलो. बुधवारी परत टाकली. लिहिलं, "जेवतोय, दीडला येतो." पाठवताना हात जरा थरथरला, खरं सांगतो. काहीही झालं नाही. उलट शेजारचा मुलगा आपला डबा घेऊन येऊन बसला. गुरुवारी आम्ही तिघं होतो. शुक्रवारी रिलीज होता, डबा परत तसाच घरी आला आणि आजीची बोलणी खाल्ली.

पाचातले दोन दिवस. लोखंड्यांना सहा वर्षं लागली, मला पहिला आठवडा आहे.

असो. आज रविवार. आई तिसऱ्यांदा जेवायला हाक मारतेय, आजीने ताट वाढून त्यावर झाकण ठेवलंय. लॅपटॉप बंद करतो.